निळीची गळती

आमच्या घराला दोन वास होते, खळीचा आणि गिअर ऑइलचा. खळ आई शिजवायची, मैद्याची, आणि उतरवताना तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकायची, म्हणजे भिंतीवर चिकटवलेली पत्रकं झुरळांनी खाऊ नयेत. गिअर ऑइलचा वास अंगणातून आपोआप आत यायचा. नासलेल्या लसणात गंधक कालवावं तसा तो वास होता. तो अण्णांच्या लेंग्यांना लागायचा, दारातल्या पोत्याला लागायचा, कधीकधी तर भाकरीच्या पिठालाही लागलाय असं वाटायचं. पाहुणे नाकाला पदर लावायचे. मी मात्र शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशी तो वास आला की समजायचे, निळी घरी आहे, म्हणजे अण्णा घरी आहेत.

मला अक्षरओळख झाली ती पत्रकांवर. अण्णा कारखान्यात पाळी करायचे आणि पाळी सुटली की सायकलवर औरंगपुऱ्यातल्या एका छापखान्यात जायचे. तिथं त्यांची पत्रकं छापली जात. चुकीची छापलेली, शाई फासलेली पत्रकं ते घरी आणायचे आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी गणितं सोडवायचे. एका बाजूला सात सत्ते एकोणपन्नास आणि दुसऱ्या बाजूला गावच्या विहिरीवर कुणाचा हक्क. मी पहिल्यांदा आपली आपण वाचलेला शब्द 'बंधू-भगिनींनो' होता, हे मी आजही अभिमानानं सांगते. बाकीच्या मुली कमळ-बगळा वाचत होत्या तेव्हा मला 'जाहीर निषेध' हे दोन शब्द न अडखळता लिहिता येत होते. पुढं मीही लिहायला लागले, आणि माझ्या लेखनात पत्रकाचा आवाज फार आहे अशी तक्रार शहाणे लोक करतात. असेल. ज्या घरात माणसं खळ शिजवून रात्रीच्या आत भिंती गाठत होती, त्या घरातला आवाज आहे तो.

निळी म्हणजे आमची जीप. ती माझ्या जन्माआधीची, आईच्या लग्नाआधीची. कुठल्याशा सरकारी खात्यानं भंगारात काढलेली गाडी वस्तीतल्या लोकांनी वर्गणी काढून आणली होती. आणली म्हणजे बैलगाडीला बांधून ओढत आणली. ती जिवंत केली गफूरचाचांनी. गफूरचाचा आधी अण्णांच्याच कारखान्यात गाड्यांच्या शेडमध्ये होते, मग शहागंजच्या एका बोळात त्यांनी स्वतःचं गॅरेज टाकलं. त्यांच्या तोंडून निळीच्या जन्माची गोष्ट दर वेळी वेगळी निघायची. कधी तिचं इंजिन त्यांनी चिखलातून काढलेलं असायचं, कधी जळत्या घरातून. "मैंने इसकू माँ के पेट से निकाला," असं ते बॉनेटवर थाप मारून म्हणायचे, आणि अण्णा म्हणायचे, "व्हय, आणि तवापासून ती रडायलीय."

दोघांचं बोलणं असंच चालायचं. गफूरचाचा बढाईखोर होते, हे मला प्रेमानं पण स्पष्ट लिहिलं पाहिजे. सगळ्या मराठवाड्यात आपल्याइतकं गिअरबॉक्स कुणाला कळत नाही असं त्यांचं ठाम मत होतं आणि ते दर पाच मिनिटांनी सांगायचे. आमच्या घरी आले की उंबऱ्यावर बसायचे, आईला हाक मारायचे, "भाभी, ठेचा जरा कमीच डालो, कल मेरेकू दुकान खोलनेका है." मला ते 'लीडर' म्हणायचे. "आओ लीडर, आज किसका मुर्दाबाद है?" कॉलेजात असताना मी खरोखरच रोज कुणाचा तरी मुर्दाबाद करून यायचे, त्यामुळं त्यांना उत्तर द्यायला माझ्याकडं नाव तयार असायचं. शुक्रवारी ते शहागंजातून नान-खलिया आणायचे, कागदात गुंडाळलेले नान आणि किटलीत मटणाचा रस्सेदार खलिया, आणि आई त्याबरोबर येसर आमटी करायची. अण्णा नान आमटीत बुडवून खायचे. गफूरचाचा कपाळाला हात लावायचे. "या अल्ला, ये आदमी नान की बेइज्जती करता."

शहराबाहेर शेंद्र्याकडं आता कारखान्यांच्या कुंपणांच्या रांगा आहेत. तेव्हा तिकडं ज्वारी असायची, आणि निळी त्या ज्वारीतून, काळ्या मातीच्या चिखलातून, टपावर भोंगा बांधून गावोगाव जायची. चारी चाकांना जोर लावणारा छोटा दांडा ओढला की ती म्हशीसारखी सावकाश पण न थांबता चढायची. अण्णा भोंग्यातून बोलायचे, गफूरचाचा गाडी हाकायचे आणि मी मागं बसून पत्रकं भिरकावायचे. एकदा शहरात वातावरण तापलं होतं. दुकानं बंद, रस्त्यांवर पोलीस. तेव्हा अण्णांनी एक पत्रक लिहिलं होतं, आणि ते दोघांनी याच गाडीतून दोन्हीकडच्या मोहल्ल्यांत वाटलं होतं. त्यात एक वाक्य होतं, 'तुमचे लोक आणि आमचे लोक ही भाषा ज्या दिवशी तुमच्या तोंडी येईल त्या दिवशी समजा, तुम्हाला कुणीतरी विकत घेतलं.' मला ते पाठ होतं. वक्तृत्व स्पर्धेत मी ते आपलंच म्हणून म्हटलंही होतं.

निळी वर्षातून एकदा रंगायची. जयंतीच्या आधीच्या आठवड्यात. वस्तीच्या मिरवणुकीत सगळ्यांत पुढं निळी असायची, बॉनेटवर तसबीर, स्टिअरिंगवर अण्णा, शेजारी गफूरचाचा, आणि मागं सगळी वस्ती. ती रंगवायला अण्णा पेंटरला हात लावू देत नसत. उघड्या अंगानं, डोक्याला रुमाल बांधून, निळ्या ऑइलपेंटचा डबा घेऊन ते दोन दिवस गाडीशी असायचे. बाहेरून तर रंगवायचेच, पण गिअरच्या दांड्याभोवतीचा जमिनीचा पत्राही उचलायचे आणि खालच्या लोखंडी पेट्यांवरूनही ब्रश फिरवायचे. आई म्हणायची, "अवं, तिथं कोण बघतंय?" त्यावर अण्णांचं उत्तर ठरलेलं होतं. "दिसंल तेवढंच रंगवणं हे पुढाऱ्याचं काम. आपलं आतून पण निळं पायजे." मला हे उत्तर इतकं आवडायचं की मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं.

जुनी जीप थोडी गळतेच. ते कुणी मनावर घेत नाही. अंगणात निळीखाली जुना पत्रा ठेवलेला असायचा आणि त्यावर काळसर तेलाचा डाग. पण मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला पोचेपर्यंत गळती वाढत गेली. गिअरबॉक्सच्या पाठीला चिकटून एक दुसरी पेटी असते, तिच्यातून पुढच्या आणि मागच्या चाकांना जोर जातो. मेकॅनिक तिला ट्रान्सफर म्हणतात. तेल तिच्यातून यायचं, मागच्या बाजूनं, पुढच्या बाजूनं, कधी दोन्हीकडून. चालवली की जास्त यायचं, उभी असली की कमी. आदल्या वर्षीच्या मिरवणुकीत निळीमागं नाचणारा एक पोरगा त्या तेलावरून घसरला आणि त्याचं मनगट मोडलं.

त्यामुळं यावेळी जयंती समितीची पोरं घरी आली. अध्यक्ष नितीन होता, आमच्याच गल्लीतला, अण्णांच्या अभ्यासवर्गात बसून मोठा झालेला. तो वाईट मुलगा नव्हता. खाली मान घालून म्हणाला, "अण्णा, राग मानू नका. पण पोरांचं म्हणणं हाय, गाडी गळाली तर या वर्षी पुढं नको. आपण डीजेचा ट्रक पुढं घेऊ. निळीला मागं ठेवू, सगळ्यांच्या मागं."

"आणि नाय गळाली तर?"

"नाय गळाली तर मग प्रश्नच नाय. तुम्हीच पुढं."

कारखान्यातून अण्णा आदल्या वर्षीच निवृत्त झाले होते. अभ्यासवर्गाला आता कुणी येत नव्हतं. पत्रकं छापायची गरज उरली नव्हती, पोरं मोबाईलवर फोटो फिरवायची. वर्षातला तो एक दिवस, ती पाच-सहा तासांची सावकाश चाल, तेवढीच त्यांची जागा राहिली होती. हे त्यांनी कधी म्हटलं नाही. पण नितीन गेल्यावर त्यांनी कपाळाचा घाम पुसला आणि आईला म्हणाले, "गफूरला सांगावा धाड."

गफूरचाचांनी गाडीखाली डोकं घातलं, बाहेर काढलं आणि अण्णांकडं बघून हसले. "क्या किसन, फिर टपकी क्या तुमारी बेगम? सील गया है. दो घंटे का काम." तेल बाहेर येऊ नये म्हणून फिरत्या दांड्याभोवती जो रबराचा कडा असतो तो सील. त्यांनी तो बदलला. आठवडाभर निळी बरी राहिली, मग शेंद्र्याला एक फेरी मारून आलो आणि पत्रा पुन्हा काळा. मग ते म्हणाले की ज्या दांड्यावर सील बसतो तोच झिजलाय, त्याला खाच पडलीय. दांडा लेथवर नेऊन, त्यावर नवी कडी चढवून आणली. पुन्हा नवा सील. या वेळी तेल मागून थांबलं आणि पुढून यायला लागलं. अण्णा चिडायला लागले. गफूरचाचा हसायचे कमी झाले, पण हसायचे. तिसऱ्या वेळी त्यांनी गाडी गॅरेजातच ठेवून घेतली, दोन्ही पेट्या खाली उतरवल्या, सगळी पॅकिंगं बदलली, सगळे सील बदलले, जोडांना शेलॅकचा चिकट लेप लावला. दुसरं एकही काम हातात घेतलं नाही. गाडी परत आणली तेव्हा ते घामानं न्हाले होते, आणि छाती पुढं काढून म्हणाले, "अब ये मेरे जनाजे तक नहीं टपकेगी. लीडर, लिख के ले लो."

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णांनी परीक्षाच घ्यायची ठरवली. मिरवणुकीत गाडी तासन्‌तास पहिल्या गिअरमध्ये रांगते, म्हणून त्यांनीही तिला तशीच रांगत रांगत शेंद्र्याच्या रस्त्यानं नेऊन आणलं. उन्हानं डांबर मऊ झालं होतं. परत आलो तेव्हा अंगणात नितीन आणि त्याची दोन पोरं उभी होती, बघायला आलेली. अण्णांनी गाडी उभी केली, इंजिन बंद केलं आणि आम्ही सगळे वाकलो. तेल ठिबकत नव्हतं, वाहत होतं. तिन्ही दुरुस्त्यांच्या आधी जेवढं यायचं त्याच्या दुप्पट येत होतं. नितीनच्या बरोबरचा एक पोरगा हळू आवाजात म्हणाला, "मंग ट्रकवाल्याला फोन लावू का?" नितीननं त्याला कोपर मारलं. पण ते अण्णांना ऐकू गेलं होतं.

आणि त्याच वेळी गफूरचाचा आले. शुक्रवार होता. एका हातात किटली, काखेत नानचं पुडकं. त्यांनी खाली वाकून पाहिलं आणि ते आपले नेहमीसारखे हसले. लाज झाकायला माणसं हसतात तसं ते हसू होतं, हे मला आज कळतं. "लगता है बुढ्ढी मेरेकू छोडना नक्को बोलती."

"हसू नको," अण्णा म्हणाले.

"अरे यार, फिर खोलतूं ना..."

"तीन डाव खोललं. तीन डाव." अण्णांचा आवाज चढला नव्हता, आणि तेच जास्त वाईट होतं. "कुण्याबी पोराला जमलं असतं आतापर्यंत. पण तुमच्या लोकांला आमची जयंती खुपतीय. पुढं निळी नसली म्हंजे बरं वाटंल."

आई दारात ताटं घेऊन उभी होती. गफूरचाचांनी पुडकं एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं, जणू त्यांना कळत नव्हतं की ते कुठं ठेवायचं.

"क्या बोला किसन?"

अण्णांनी ते परत म्हटलं नाही. मागंही घेतलं नाही. गाडीच्या चाकाकडं बघत राहिले. गफूरचाचांनी किटली आणि पुडकं बॉनेटवर ठेवलं, सावकाश, आवाज होऊ न देता. मग आईकडं वळून म्हणाले, "भाभी, चलतूं." मला काही म्हणाले नाहीत. गल्लीच्या तोंडापर्यंत ते सरळ चालत गेले. नेहमी वाटेत दोन-चार जणांशी थट्टा करायचे.

खलिया आम्ही खाल्ला. लिहायला जड जातं, पण खाल्ला. आईला अन्न टाकून देता येत नव्हतं, तिनं उपास काढलेले होते. तिनं तो गरम केला, वाढला, आणि आम्ही तिघं जेवलो. अण्णांनी त्या दिवशी नान आमटीत बुडवला नाही. कोरडाच चावला.

जेवणं झाल्यावर मी तोंड उघडलं. मी काय बोलले असेन ते वाचकांना कळेल, कारण माझ्याजवळ दुसरी भाषाच नव्हती. मी त्यांचंच पत्रक त्यांना म्हणून दाखवलं, पहिल्या ओळीपासून. आपण विकलो गेलो का, असं विचारलं. "आत्ताच्या आत्ता जा आणि माफी मागा," म्हणाले. अण्णा अंगणातल्या बाजेवर पडून होते. म्हणाले, "ते मीच लिवलंय. तू मला शिकवू नको."

"मग म्हटलं कसं तुम्ही?"

"तोंडातून गेलं."

"तोंडात होतं म्हणून गेलं."

यावर ते उठून बसले. मला वाटलं ओरडतील. पण म्हणाले, "गाडीचं होऊ दे. मग जातो." आई आतून म्हणाली, "गाडी काय पळून चाललीय? माणूस चाललाय." अण्णा पुन्हा आडवे झाले.

मला या एका गोष्टीचं नवल अजून संपलेलं नाही. जो माणूस पोलीस ठाण्यासमोर उभा राहून साहेबाला त्याची चूक सांगायचा, त्याला बोळातल्या एका गॅरेजपर्यंत जाता येत नव्हतं. आम्हाला लहानपणापासून न झुकायला शिकवलेलं असतं. त्याची कारणं आहेत आणि ती खरी आहेत. झुकलेल्या पाठींचा इतिहास आमच्या मागं आहे. पण कुणासमोर झुकायचं नाही आणि कुणासमोर झुकलं तरी चालतं, हा फरक शिकवणारं पत्रक आमच्या घरात कुणी लिहिलं नव्हतं.

जयंती तोंडावर आली. डीजेच्या ट्रकला आगाऊ सांगून झालं होतं. अण्णांनी तरीही रंगाचा डबा आणला. "मागं का व्हईना, पण रंगंल," म्हणाले. पण या वेळी त्यांनी जुना रंग खरवडायचं ठरवलं. दरवर्षी रंगावर रंग चढून पापुद्रे झाले होते. सकाळी पत्रा उचलून ते गाडीत पालथे झाले आणि तारेच्या ब्रशनं ट्रान्सफरची पेटी घासायला लागले. मी शेजारी बसून पापुद्रे गोळा करत होते. कांद्याच्या सालांसारखे ते सुटत होते, निळ्याखाली निळा, त्याखाली पुन्हा निळा. पेटीच्या माथ्यावर एक उंचवटा होता. आम्हाला वाटायचं तो ओतकामातलाच आहे. अण्णांनी तो घासला तेव्हा रंगाचं टोपण निघालं आणि खाली बोंडाएवढी एक लोखंडी टोपी दिसली. तिच्या कडेला बारीक भोकं असावीत अशा खुणा होत्या. सगळी रंगानं बुजलेली.

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. "टाचणी आण."

मी आईच्या ओच्याची सेफ्टीपिन आणली. त्यांनी तिचं टोक एका खुणेत घातलं, फिरवलं, आणि आतून 'फुस्स' असा आवाज आला. सायकलच्या ट्यूबचा वॉल्व्ह सैल केल्यावर येतो तसा. तेलाचा तोच नासका वास तोंडावर आला. तासाभरापूर्वीच चालवलेली गाडी, अजून आत दाब धरून होती.

अण्णांनी कारखान्यात सगळा जन्म वाफेच्या आणि हवेच्या नळ्यांजवळ काढला होता. त्यांना मला काही समजावून सांगावं लागलं नाही, आणि सांगायचं होतं असंही नाही. पण ते बोलले, स्वतःशीच. गाडी चालली की पेटी तापते, आतली हवा फुगते. ती निघून जायला ही टोपी असते. ती बंद झाली की हवा तेलाला ढकलते, आणि तेल मिळंल तिथून बाहेर पडतं. मागचा सील पक्का केला तर पुढून. सगळेच नवे केले तर सगळीकडून, जोरात. सील बरोबर होते. तिन्ही वेळा बरोबर होते. गफूरचाचा खालून काम करत होते. टोपी वर होती, पत्र्याखाली, आणि तिच्यावर वर्षानुवर्षांचा निळा रंग होता. त्यांनी दोन्ही पेट्या उतरवल्या तेव्हाही त्यांना ती दिसली नाही, कारण दिसण्यासारखी ती राहिलीच नव्हती. आणि तो रंग कुणी दिला होता?

अण्णा गाडीतून उतरले. हातातला ब्रश त्यांनी चाकाजवळ ठेवला. मग ते नळावर गेले आणि हात धूत राहिले, हाताचं तेल नुसत्या पाण्यानं निघत नाही हे माहीत असून धूत राहिले.

टोपीची सगळी भोकं मोकळी करून संध्याकाळी शेंद्र्याची फेरी झाली. पत्र्यावर एक थेंबही नव्हता. नितीन धावत आला, वाकून बघून शिट्टी वाजवली. "अण्णा, कमाल! कुणी केलं?" अण्णा म्हणाले, "झालं." ट्रक मागं गेला, निळी पुढं आली. सगळी गल्ली खूश होती. आईनं गुळाचा शिरा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला, शहागंजला गेले आणि तासाभरानं परत आले. "दुकान बंद व्हतं," म्हणाले. दुपारी कॉलेजातून येताना मी मुद्दाम त्या बोळावरून आले. दुकान उघडं होतं. गफूरचाचा एका रिक्षाखाली होते, त्यांचे पाय दिसत होते. बोळाच्या तोंडाशी चहाची टपरी आहे. तिथल्या पोऱ्यानं मला ओळखलं आणि म्हणाला, "तुमचे वालिद सुबह इधरच बैठे थे. चाय पर चाय." मला पुढं जाऊन चाचांना हाक मारावीशी वाटली, पण ही हाक अण्णांची होती. मी घरी आले. आज वाटतं, हाकेवर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं.

त्यानंतर मिरवणूक झाली आणि पावसाळ्याच्या आत गफूरचाचांनी गॅरेज भाच्याच्या हवाली केलं, परभणीला मुलीकडं गेले. मी परीक्षा संपल्यावर त्यांना सगळं सांगायचं म्हणून शहागंजात गेले तेव्हा भाचा म्हणाला, मामूंची तब्येत बरी नाही, बोलता येत नाही. रमजानच्या दिवसांत ते गेल्याची बातमी आली. अण्णा मयतीला गेले आणि परत येऊन न जेवता झोपले. आता अण्णाही नाहीत. म्हणून मला हे सांगावं लागतंय, कारण मिरवणुकीच्या दिवशी त्या दोघांत काय घडलं ते जवळून पाहिलेली आता मी एकटीच उरले आहे.

मिरवणूक दुपारी निघाली. निळी पुढं, बॉनेटवर तसबीर आणि झेंडूचे हार, अण्णा स्टिअरिंगवर, पांढराशुभ्र शर्ट. शेजारच्या सीटवर नितीननं बसायला पाय टाकला तेव्हा अण्णा म्हणाले, "नगं," आणि मला बसवलं. मागं लेझीम, निळे झेंडे, बाया-पोरं, आणि त्या सगळ्यांच्या मागं डीजेचा ट्रक, ज्याच्या आवाजानं काचा थरथरत होत्या. शहागंजाजवळ रस्ता अरुंद होतो. त्या बोळाच्या तोंडाशी लोक बघायला उभे होते, आणि त्यांच्यात गफूरचाचा होते. कामाचे कपडे, हातात तेल पुसायचा कापूस. ते तिथं मिरवणूक बघायला आले होते, आम्हाला भेटायला नाही, हे त्यांच्या उभं राहण्यावरून दिसत होतं.

अण्णांनी ब्रेक मारला. मागं लेझीम अडखळलं. "स्टिअरिंगला बस," मला म्हणाले आणि उतरले. मी सरकून ब्रेकवर पाय ठेवला. ते चाचांच्या समोर जाऊन उभे राहिले आणि बोलायला लागले. मला ऐकू येत नव्हतं, ट्रकचा आवाज सगळं खात होता. त्यांचे ओठ हलत होते एवढंच दिसत होतं. गफूरचाचांनी कानामागं हात धरला. अण्णा पुन्हा बोलले, मान पुढं काढून. चाचांनी डोकं हलवलं. मग ते सवयीनं खाली वाकले, गाडीच्या पोटाखाली पाहिलं. रस्ता कोरडा होता. ते सरळ झाले आणि हाताचा पंजा उलटा करून विचारलं. ती खूण मला स्पष्ट कळली. कुणी केलं?

अण्णांनी बोट उचललं आणि चाचांच्या छातीकडं दाखवलं. तू केलंस, असं त्यांना म्हणायचं होतं, तुझं काम खरं होतं. मला टोपीची गोष्ट ठाऊक होती, म्हणून मला ते समजलं. पण गफूरचाचांना दिसलं ते आपल्याकडं रोखलेलं बोट. ते एक पाऊल मागं सरले. मग कसनुसे हसले, हातातल्या कापसानं गाडीकडं खूण केली आणि हात हलवला, जा, जा. पोरं शिट्ट्या मारायला लागली होती. नितीन पळत येत होता.

अण्णा येऊन बसले. मी परत माझ्या जागेवर सरकले.

"काय म्हणाले?"

"म्हणाला, क्लच जळंल. चल म्हणाला."

"आणि तुम्ही सांगितलंत?"

अण्णांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. समोर पोलिसांनी मोकळा ठेवलेला रस्ता होता, ते त्याच्याकडं बघत होते.

"सांगितलं," ते म्हणाले. थोडं पुढं गेल्यावर त्यांनी विचारलं, "त्याला ऐकू आलं का गं?"

मी व्हय म्हणाले.